फाटकातलं उपोषण

अहिंसेबद्दल मला कुणी काही शिकवू नये, अशी माझी या शिमग्यापर्यंत समजूत होती. कारण त्या विषयावर मी पुस्तिका लिहिलेली आहे. ‘भांडण : कारणे आणि अहिंसक उपाय’, पृष्ठे चौसष्ट, प्रकाशन स्वतःचंच. महाडच्या आमच्या विचार मंडळात तिचा समारंभ झाला तेव्हा अध्यक्ष श्रीपतराव म्हणाले होते की हे पुस्तक घराघरात पोचलं पाहिजे. त्यातल्या बहुतेक प्रती अजून आमच्याच घरात, दिवाणाच्या पोटात आहेत. म्हणजे निदान एका घरात तरी ते भरपूर पोचलेलं आहे.

पुस्तिकेत मी भांडण मिटवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. संवाद, निवेदन, असहकार आणि उपोषण. पायऱ्या गाळू नयेत, असं ठळक अक्षरात छापलेलं आहे. लोक एकदम चौथ्या पायरीवर उडी मारतात आणि मग रुग्णालयात भेटतात. मी तशी नाही. मी तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत जमिनीच्या नकाशांच्या टेबलावर काढली, आणि तिथे एकही पायरी गाळता येत नाही. निदान समोरच्याला गाळू द्यायची नसते.

तर पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वर, डोंगराच्या उतरणीवर आमची चौदा गुंठे जागा आहे. निवृत्तीनंतर तिथे पत्र्याची एक खोली बांधली आणि केशर आंब्याची चाळीस कलमं लावली. खालच्या अंगाला पऱ्या, म्हणजे डोंगरी ओढा, वाहतो, त्याला उन्हाळ्यातही न आटणारा एक डोह आहे. उरलेल्या तिन्ही बाजूंना मी तारेचं कुंपण घालून घेतलं आणि वरच्या अंगाला दोन झडपांचं लोखंडी फाटक बसवलं. फाटकाला कुलूप लावलं, तेही महाडच्या दुकानात होतं त्यातलं सगळ्यांत मोठं.

आमच्या जागेतून एक पायवाट जात होती, हे मी नाकारत नाही. वर डोंगरावर सात घरांची वाडी आहे. शेळ्या-म्हशी पाळणारी, थोडी नाचणी-वरी काढणारी माणसं. शिमगा झाला की वाडीवरचा झरा आटतो, आणि मग त्यांची जनावरं त्या वाटेने उतरून आमच्या खालच्या डोहावर पाण्याला येतात. दुसरा रस्ता आहे, पण तो डांबरी सडकेने वळसा घालून जातो आणि जायलाच दीड तास लागतो. हे सगळं मला माहीत होतं. पण वाट पायाखाली होती, नकाशात नव्हती. आणि नकाशात नसलेली गोष्ट नसते, हे मी तेहतीस वर्षं टेबलापलीकडच्या लोकांना समजावत आले होते. स्वतःच्या बाबतीत वेगळा नियम लावणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं.

शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही महाडहून जागेवर गेलो तर अकरा कलमांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. फाटक बंद होतं. कुलूप जागच्या जागी होतं. तारा कुठे वाकलेल्या नव्हत्या. आमचे हे, म्हणजे भरतराव, बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी फाटकाभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, ‘‘उद्या सकाळी बघू.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खोलीच्या खिडकीतून पाहिलं. वाडीवरचे आबाजी, सत्तरीचा वाळका माणूस, आणि त्यांचा मुंबईहून शिमग्याला आलेला मुलगा राजू, दोघे फाटकाशी आले. दोघांनी दोन बाजूंनी धरून फाटक बिजागरीतून अलगद वर उचललं आणि शेजारच्या करवंदीच्या जाळीला टेकून ठेवलं. शेळ्या आत शिरल्या. मागून दोन म्हशी गेल्या. त्यांच्यामागून आबाजींची बायको भागूबाई काठी घेऊन गेली. तासाभराने सगळे परत वर चढले आणि बापलेकांनी फाटक उचलून पुन्हा बिजागरीत बसवलं. जाताना आबाजींनी कुलूप ओढून पाहिलं. नीट लागलेलं आहे याची खात्री करूनच ते गेले.

मला सांगायला हरकत नाही, मला फार राग आला. त्यांनी फाटक तोडलं असतं तर मी समजू शकले असते. तोडणाऱ्या माणसाला निदान एवढं कळतं की हे आपल्याला अडवायला लावलेलं आहे. ही माणसं माझ्या फाटकाची काळजी घेत होती.

महाडला परतल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. शेजारचे सुधीर, ज्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, म्हणाले की तारेत करंट सोडा, नुसता झटका बसतो, जनावर मरत नाही. किती झटका बसतो असं विचारल्यावर ते म्हणाले की ते जनावरावर अवलंबून आहे. खालच्या मजल्यावरच्या वैशालीवहिनींनी फाटकाशी तिखट पसरायला सांगितलं. तिखट कुठल्या गिरणीतलं घ्यायचं हेही सांगितलं. एकाने पोलीस, एकाने वकील, एकाने कुत्रा सुचवला. भरतराव म्हणाले, ‘‘वाटेपुरती जागा सोडून आतून कुंपण घेऊ. दोन दिवसांचं काम आहे.’’ ते मी ऐकून घेतलं. संवादात दुसऱ्याचं ऐकून घ्यावं, असं मी पान नऊवर लिहिलेलं आहे. ते मानावं, असं कुठल्याच पानावर नाही.

मी जाहीर केलं की हा प्रश्न मी अहिंसेने सोडवणार. सुधीरांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल आदर दिसला. नंतर कळलं की त्यांना तारेचं गिऱ्हाईक गेल्याचं वाईट वाटत होतं.

पहिली पायरी, संवाद. पुस्तिकेच्या पाच प्रती पिशवीत घालून मी वाडीवर चढले. पाऊण तासाची चढण आहे आणि माझे गुडघे अहिंसावादी नाहीत. भागूबाईने अंगणात घोंगडी टाकली, तांब्याभर ताक दिलं, मग नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी आणून ठेवली. मी जेवायला आलेली नाही असं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘जेवाय कोन येतंय बाय, येळ जाली म्हनून जेवायचा.’’ जेवून झाल्यावर मी संघर्षाची मूळ कारणं या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. भागूबाई शेंगा सोलत ऐकत होती. दुसऱ्याच्या जागेत विनापरवाना जाणं बरोबर आहे का, असं मी विचारलं.

‘‘नाय गो बाय. कसा बराबर आसंल?’’

‘‘मग तुमच्या शेळ्या माझ्या जागेत यायला नकोत.’’

‘‘नाय यायला पायजेत.’’

मी विजयी होऊन खाली उतरले. इतका यशस्वी संवाद माझ्या पुस्तिकेतल्या उदाहरणांमध्येसुद्धा झालेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक करवंदीला टेकवलेलं होतं आणि शेळ्या बाराव्या कलमाशी उभ्या होत्या. मी धावत गेले. भागूबाई म्हणाली, ‘‘तुमी बोललाव त्या समदा बराबर हाय बाय. पन पानी हितं हाय.’’

दुसरी पायरी, निवेदन. मी दोन पानी निवेदन टाइप करून घेतलं. त्यात वाडीवरच्या रहिवाशांना विनंती केली होती की त्यांनी आपली जनावरं प्रस्तुत जागेतून नेऊ नयेत. राजूने ते सगळ्यांना अंगणात वाचून दाखवलं. तो अंधेरीला एका सोसायटीत लिफ्ट सांभाळतो, त्यामुळे त्याला टाइप केलेल्या नोटिशींची सवय आहे. वाचून झाल्यावर तो म्हणाला, ‘‘मॅडम, एकदम परफेक्ट लिवलाय. टेन्शन घेऊ नका. आपला फुल सपोर्ट हाय.’’ आणि मी काही बोलायच्या आत त्याने खाली सही केली. मग आबाजींनी अंगठा दिला. मग बाकीच्यांनी. सात घरांतल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या सह्या-अंगठे घेऊन निवेदन माझ्या हातात परत आलं.

ते घेऊन मी कचेरीत गेले. कुठली कचेरी ते सांगत नाही, कारण तिथल्या कारकुनाचं काही चुकलं नाही. त्याने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, ‘‘हे ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांच्याच सह्या आहेत का?’’ मी हो म्हटलं.

‘‘म्हणजे अर्जदार म्हणतात जनावरं नेऊ नयेत. आणि सामनेवाले पण म्हणतात नेऊ नयेत.’’

‘‘हो.’’

‘‘मग वाद कुठे आहे, मॅडम? वाद असल्याशिवाय अर्ज दाखल होत नाही. कुणीतरी विरोध करणारा घेऊन या.’’

अशा माणसापुढे काय बोलावं हे मला कळत नव्हतं, आणि ते मला कळायला हवं होतं. कारण तेहतीस वर्षं मी अगदी असंच बोलत आले होते.

तिसरी पायरी, असहकार. आम्ही जागेवर राहायला असलो की वाडीवरून रोज म्हशीचं दूध यायचं. ते मी बंद केलं. तसं भागूबाईला स्वच्छ सांगितलं की जोवर वाटेचा प्रश्न सुटत नाही तोवर तुमचं दूध मी घेणार नाही. ती माझ्याकडे काळजीने बघत म्हणाली, ‘‘पोट बिगाडलाय काय?’’ दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची किटली फाटकाच्या कडीला लटकत होती. मी तिला हात लावला नाही. दिवसभर ती उन्हात राहिली. तिसऱ्या दिवशी किटलीत दूध नव्हतं, दही होतं. पोटाला बरं म्हणून. चौथ्या दिवशी ताक आलं, त्यात ओवा आणि सैंधव. भरतराव ते भिंतीआड जाऊन पीत होते हे मला नंतर कळलं. एका घरात असहकार करायचा तर आधी त्या घरातच सहकार लागतो, हा मुद्दा पुस्तिकेत राहून गेला आहे.

आता चौथी पायरी उरली. मंडळाच्या बैठकीत मी तसं सांगितलं तेव्हा श्रीपतराव उभे राहिले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाले, ‘‘बॅनर माझ्याकडे लागला.’’

रविवारी सकाळी आठ वाजता मी फाटकातच प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले, म्हणजे फाटक उचलता येणार नाही. डोक्यावर ‘अन्यायाविरुद्ध आमरण उपोषण’ असा बॅनर होता. आमरण हा शब्द मी सांगितला नव्हता. छापणाऱ्याकडे जुनं डिझाइन तयार होतं म्हणून श्रीपतरावांनी तो राहू दिला. मंडळाचे चौदाजण गाडी करून आले होते. पोलादपूरची गौतमी नावाची मुलगीही आली होती. ती मोबाइलवर स्थानिक बातम्यांचं चॅनल चालवते.

नऊच्या सुमाराला शेळ्यांच्या घंट्या ऐकू आल्या. पुढे भागूबाई, मागे आबाजी आणि राजू. मला फाटकात बसलेलं पाहून ती थांबली.

‘‘आज कुठल्या देवाचा उपास बाय?’’

‘‘देवाचा नाही. तुमच्यासाठी आहे. तुमच्या शेळ्या इथून जायच्या बंद होईपर्यंत मी अन्न घेणार नाही.’’

 मग ती राजूशी काहीतरी हळू बोलली. राजू आल्या वाटेने वर पळत गेला. भागूबाई माझ्यासमोर, चार हातांवर, जमिनीवर बसली. आबाजी तिच्या बाजूला बसले. शेळ्या त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, लागू पडलं. शेळ्या आत आल्या नाहीत.

अर्ध्या तासाने राजू परतला तेव्हा मी त्याला विचारलं की तो कुठे गेला होता. तो म्हणाला, ‘‘वर सांगून आलो. आपल्यासाठी कुनी वाटंत उपाशी बसला तर आमच्यात चूल नाय पेटवत, मॅडम. समद्यांच्या चुली इझवल्या.’’

‘‘सातही घरांच्या?’’

‘‘मग? तुमी काय एका घराच्या वाटंत बसलाय काय?’’

श्रीपतरावांना हे पटलं नाही. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले की हा दबावतंत्राचा प्रकार आहे. मी म्हटलं, मीही तेच करते आहे. ते म्हणाले, आपलं तात्त्विक आहे.

अकरा वाजता ऊन चढलं. मंडळाची माणसं पत्र्याच्या खोलीमागे सावलीला गेली. थोड्या वेळाने तिकडून तळलेल्या मिरचीचा वास आला. त्यांनी पोलादपूरच्या स्टँडवरून वडापाव बांधून आणले होते. मी हे मनाला लावून घेतलं नाही असं म्हणणार होते, पण घेतलं. माझे पाठीराखे भिंतीआड खात होते आणि ज्यांच्याविरुद्ध मी बसले होते ते समोर माझ्यासाठी उपाशी बसले होते. शेळ्या ओरडायला लागल्या होत्या. सकाळच्या पाण्याची त्यांची वेळ टळून गेली होती.

मी भागूबाईला म्हटलं, ‘‘तुम्ही सडकेने वळसा घालून पाण्यावर जा ना. मी काही तिकडे बसलेली नाही.’’

‘‘तुमी हितं उपाशी, आनि मी तिकरं जाऊ?’’

‘‘मग रोज फाटक उचलत होतात ते?’’

तिला माझा प्रश्न समजायला जरा वेळ लागला. मग ती म्हणाली, ‘‘फाटक लोखंडाचा हाय बाय. उचलला, बाजूला ठिवला, परत लावला. मानूस वाटंत बसला तर त्येला कसा उचलून ठिवायचा?’’

पुस्तिकेच्या चौसष्ट पानांत हे वाक्य कुठेही नाही. मी खुर्चीत जरा सरळ होऊन बसले.

गौतमीने कॅमेरा आधी माझ्यासमोर धरला. मी मागणी सांगितली. मग ती समोर जाऊन भागूबाईशी उकिडवी बसली आणि विचारलं, ‘‘आजी, तुमची मागणी काय?’’

‘‘मागनी कसली गो पोरी? बाय जेवली म्हंजे जाला.’’

‘‘आणि शेळ्यांचं पाणी?’’

‘‘त्या बी हाय. पन आदी बाय जेवूं दे.’’

गौतमी उठली आणि परत माझ्याकडे आली. कॅमेरा बंद करूनच आली, ते तिने बरं केलं. म्हणाली, ‘‘मॅडम, मी नववीत असताना वीस मार्चला तुमचं भाषण ऐकलंय. चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर. तुम्ही सांगितलं होतं की पाणी कुणाच्या नकाशात आहे ते बघायचं नसतं, तहान कुणाला आहे ते बघायचं असतं. मी ते वहीत लिहून घेतलं होतं.’’ एवढंच बोलून ती गेली. टोमणा मारला असता तर मी तिला उत्तर दिलं असतं. ती खरोखरच गोंधळलेली होती.

मला त्या क्षणी जे वाटलं त्याला लाज म्हणतात. दुसरा शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही. त्या तळ्यावर माणसांनी पाण्याची वाट उघडण्यासाठी मार खाल्ला, आणि त्यांचं नाव घेऊन टाळ्या मिळवणारी मी इथे पाण्याच्या वाटेत खुर्ची टाकून बसले होते, आणि तरी डोक्यावरच्या बॅनरवर अन्याय झालेली मीच होते.

तरीही मी लगेच उठले नाही. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. चौदा माणसं महाडहून आली होती. काहीतरी तडजोड, दोन ओळींचा का होईना कागद, असं काही हाती आल्याशिवाय कसं उठायचं, याचा मी विचार करत राहिले. त्या विचारात दीड वाजला. मग भागूबाईच्या मागे उभं असलेलं एक करडू, आठ-दहा दिवसांचं असेल, पुढचे पाय मुडपून खाली बसलं आणि त्याने मान टाकली. त्याची आई आटली होती, तिला पाणी नव्हतं. भागूबाईने करडू मांडीत घेतलं आणि आपल्या पदराने त्याला वारा घालत राहिली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मी श्रीपतरावांना हाक मारून सांगितलं की मी उपोषण सोडते आहे.

‘‘उत्तम,’’ ते म्हणाले. ‘‘पण कुणाच्या हस्ते?’’

उपोषण असं नुसतं उठून सोडता येत नाही, हे मला त्यांनी समजावलं. लिंबू सरबत लागतं, आणि ते देणारा माणूस लागतो. सरबत एका सभासदाने थर्मासमध्ये आणलेलं होतं, माणूस नव्हता. सरपंच एका साखरपुड्याला पाचाडला गेले होते. त्यांना फोन लागला, ते निघतो म्हणाले, पण जेवून. श्रीपतराव स्वतः सरबत द्यायला तयार होते, पण खजिनदारांचं म्हणणं पडलं की आपल्याच माणसाने दिलं तर ते घरगुती दिसेल. यावर सात विरुद्ध सहा असं मतदान झालं आणि सरपंचांची वाट बघायचं ठरलं. एकजण तटस्थ राहिला, तो वडापाव खात होता.

मी खुर्चीवरून उठले. किल्ली माझ्या पर्समध्येच होती. कुलूप काढलं, फाटक ढकललं आणि खुर्ची उचलून बाजूला ठेवली. मागून श्रीपतराव ‘‘फोटो, फोटो’’ म्हणत होते. शेळ्यांनी कुणाचीच वाट पाहिली नाही. त्या मला दोन्ही बाजूंनी घासून खाली पळत सुटल्या. राजूने करडू खांद्यावर घेतलं आणि तोही डोहाकडे उतरला.

भागूबाई मात्र जागची हलली नाही. ‘‘आदी खावा,’’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘‘आधी तुम्ही. तुम्ही माझ्यामुळे उपाशी राहिलात.’’

‘‘तुमी पाव्हन्या.’’

‘‘मी तुमची गुन्हेगार आहे.’’

‘‘आसंल. पन जेवाय नको काय?’’

ती आधी खाईना, मी आधी खाईना. माझ्या दृष्टीने हा प्रायश्चित्ताचा प्रश्न होता, तिच्या दृष्टीने रीतीचा. सरबताचे दोन पेले आमच्या दोघींच्या मधे खुर्चीवर ठेवलेले होते आणि दोन्ही बाजूंनी नम्र नकार चालू होता. खजिनदार म्हणाले की हे दुसरं उपोषण धरायचं की पहिल्याचाच भाग, ते आधी ठरवावं लागेल. अशी वीस मिनिटं गेली. मग आबाजी, जे सकाळपासून एक अक्षर बोलले नव्हते, कंबरेवर हात ठेवून उठले. त्यांनी एक पेला उचलला आणि प्याले. दुसरा उचलला आणि तोही प्याले.

‘‘माजी साखरेची गोली ऱ्हायलीय सकालची,’’ ते म्हणाले. ‘‘आता घरी चला दोघी. चूल पेटवा.’’

साखरेची गोळी राहिलेली असताना दोन पेले सरबत प्यायला त्यांना कुणीच आडकाठी केली नाही. अडवायचं कुणाचं धाडस नव्हतं. आम्ही वाडीवर चढलो आणि मी दिवसभराची भूक भागवली. जेवताना भागूबाईने उपोषणाचा विषय काढला नाही. मी काढला तेव्हा तिने माझ्या पानात आणखी भात वाढला.

पुढच्या आठवड्यात भरतराव आणि आबाजींनी मिळून तारा काढल्या आणि वाटेपुरती सहा फूट जागा सोडून दोन्ही अंगांना पुन्हा लावल्या. दीड दिवस लागला. उरलेली अठ्ठावीस कलमं आज धडधाकट आहेत. प्रकरण इथे संपायला हवं होतं.

पण गौतमीचा व्हिडिओ लोकांनी पाहिला. त्यात मी कुलूप काढते आणि शेळ्या धावत पाण्यावर जातात, तेवढाच भाग फिरत राहिला. बघणाऱ्यांची समजूत अशी झाली की कुणा धनदांडग्याने वाडीची वाट अडवली होती आणि ती मी उपाशी राहून मोकळी करून दिली. मंडळाने सत्कार ठरवला. मी नाही म्हणायला गेले तर श्रीपतराव म्हणाले की हॉल बुक झालाय.

सत्काराला शाल-श्रीफळ झाल्यावर मी माइकसमोर उभी राहिले आणि मनाशी ठरवल्याप्रमाणे खरं ते बोलले. म्हटलं, ‘‘वाट मीच अडवली होती.’’ लोक कौतुकाने हसले. ‘‘कुलूप माझं होतं.’’ टाळ्या पडल्या. ‘‘माझ्या हट्टापायी एक करडू मरायला टेकलं होतं.’’ पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. मी जसजशी स्वतःवर तुटून पडत गेले तसतशी सभा हेलावत गेली. शेवटी श्रीपतराव उठून म्हणाले की दुसऱ्याचा दोष स्वतःच्या अंगावर घ्यायला केवढं मोठं मन लागतं ते आज महाडने पाहिलं. ती पुस्तिकाही त्या दिवशी बरीच खपली.

आणि एवढ्यावर न थांबता मंडळाने फलक केला. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, दोन लोखंडी खांबांवर. मला न विचारता दोघा सभासदांनी तो कापड्याला नेऊन वाटेच्या तोंडाशी पक्क्या सिमेंटमध्ये रोवला. मी कळल्याबरोबर गेले. भरतराव खांब हलवून बघत होते. म्हणाले, काम चांगलं केलंय, निघणार नाही.

मी फलकासमोर उभी असतानाच भागूबाई शेळ्या घेऊन उतरली. ते करडू आता आईच्या मागे उड्या मारत होतं. ती थांबली आणि फलकाकडे मान वर करून बघायला लागली. तिला वाचता येत नाही.

‘‘काय लिवलाय ह्येच्यावर?’’

काहीही सांगता आलं असतं. शेळ्यांची वाट असं सांगितलं असतं तरी तिला ते खरं वाटलं असतं. पण त्या बाईशी खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

‘‘माझं नाव लिहिलंय, भागूबाई. प्रियदर्शिनी मॅडम मार्ग.’’

तिने फलक पुन्हा एकदा नीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. माझ्या दंडावर हात ठेवला.

‘‘बरा केलाव,’’ ती म्हणाली. ‘‘वाट कुनी अडवली व्हती, त्या मागनं येनाऱ्या पोरांना ठाव ऱ्हायला पायजे.’’

मग तिने शेळ्यांना हाक घातली आणि ती त्यांच्यामागून डोहाकडे उतरून गेली.